मत आपल्या माणसाला

"तिला पायरीवर नको. खाली उभी करा."

टीव्हीची माणसं कॅमेरा घेऊन खर्डीजवळच्या आमच्या गावात आली होती. गाण्याच्या स्पर्धेत मी शेवटच्या फेरीपर्यंत पोचले होते, म्हणून सगळा गाव माझ्या पाठीशी आहे असं त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी मला देवळाच्या पायरीवर उभं केलं. गावचे पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, ते हसतच हे बोलले. कॅमेरावाल्याला वाटलं, उजेडाचं काहीतरी असेल. मला कळलं. आईलाही कळलं. आम्ही बौद्धवाड्यातल्या. मी खाली उतरले. वर हसलेसुद्धा. ते हसू टीव्हीवर दाखवलं.

फेरीत मुरबाडची एक मुलगी होती. भाऊंच्या समाजातली. तिचा सूर सुटायचा, तिला ते कळायचंही. मतदानाच्या दिवशी प्राजक्ताचा मेसेज आला. तीही भाऊंच्याच समाजातली, पण शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, एका डब्यात जेवायचो.

"आवाज आपल्या गावच्या पोरीचा भारी हाय. पण मत आपल्या समाजाला द्या."

दुसऱ्या कुणासाठी होता, चुकून मला आला. तिनं लगेच पुसला. मी वाचला होता.

मी बाद झाले. मुरबाडची जिंकली.

घरी आले तेव्हा वस्तीतली माणसं ओटीवर जमली होती. काका म्हणाला, "आमी समद्यांनी तुलाच मत दिलं गो."

"गाणं कसं झालं, काका?"

"लाइट नव्हती. गाणं नाय ऐकलं. पण मत दिलं ना, आपली म्हणून."

त्याच्या बोलण्यात मायाच होती. तरी इतकं एकटं मला स्टुडिओतही वाटलं नव्हतं. तिकडच्यांनी ऐकून नाकारलं, इकडच्यांनी न ऐकताच स्वीकारलं. गाणं तसंच राहिलं.

आठवड्याने भाऊ दारात आले. शहापूरला त्या मुलीचा सत्कार ठेवला होता.

"तू स्वागतगीत म्हण. सगळ्यांची एकी दिसंल."

"नाय गाणार, भाऊ."

"येवढा माज?"

"नाय गाणार."

ते गेले. प्राजक्ताचा फोन आजवर आलेला नाही, मीही केलेला नाही.

मी गाते अजून. रोज, एकटीच. मत मात्र पुन्हा कुणाकडे मागणार नाही. मी कोणाची हे आधी विचारून जो कान देईल, त्याच्यापुढे तोंड उघडणार नाही. मग तो गावातला असो, नाहीतर माझ्या वस्तीतला. समोर कुणीच उरलं नाही तरी चालेल.