चक्कीच्या भिंतीवरच्या पाट्या

पोरगी खामगावच्या कॉलेजातून घरी आली आन् टेप लावून चक्कीच्या भिंती मोजाले लागली. मी म्हटलं, "काऊन वं, माही चक्की विकाले काढली का?"

"आवाज कमी करायचा हाय, बाबा."

अंगणात अंबाडीच्या सालीचा वाख आन् कापसाच्या झाडाची कुटलेली पऱ्हाटी येऊन पडली. चक्कीतलं झाडून काढलेलं पीठ शिजवून तिनं चिकट खळ केली, त्यात सारं कालवलं, साच्यात दाबलं, उन्हात वाळवलं. जाडजूड पाट्या झाल्या. भिंतीले ठोकल्या का आवाज जिरते म्हणे.

मले काही पटलं नाही. पिठाची खळ म्हणजे उंदराले आवतनच! एक तुकडा मी चोरून कणगीमागं ठेवला. चार दिवस रोज पाहिला, उंदरानं तोंडबी लावलं नाही. दुसऱ्या तुकड्याले काडी लावली, तं नुसता काळा पडला. पोरीनं त्यात काय टाकलं होतं कोण जाणे. कुसपट काढाले जागाच ठेवली नाही, याचाच मले लय राग आला.

खरं सांगू? मले उंदराची काळजी नव्हतीच. काही वर्षांपासून मले कमी ऐकू येते. चक्कीत सारेच ओरडून बोलतात, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. लोक म्हणत, याले दगडाचा आवाज कळते. कळते कसचं! मी चक्कीच्या अंगावर तळहात ठेवून असतो. दाणा सरून दगड कोरडा फिरला का हात सांगते. आवाज गेला तं माह्यं पितळ उघडं पडन, आन् बहिऱ्या माणसाले फिरत्या पट्ट्याजवळ कोण उभं राहू देईन?

पाट्या लागल्या. दुसऱ्या दिवशी दळण चालू होतं, मी डबा लावाले वाकलो होतो. वर पाहिलं तं गहू घेऊन आलेली बाई माह्या मागं पाहून राह्यली होती. वळलो, तं दारात पोरगी.

ती जवळ आली, तोंडासमोर उभी राहिली. "तीनदा हाक मारली, बाबा."

"चक्कीच्या आवाजात..." नेहमीचंच माह्या तोंडून निघालं, आन् अर्ध्यातच राहिलं. त्या बाईले तं ऐकू आलं होतं.

आता पोरगी चक्की बंद करा म्हणन, म्हणून मी चक्कीवर हात टेकून वाट पाहत राहिलो. पोरीनं डोळे पुसले आन् माह्या हाताशेजारी आपला तळहात चक्कीवर टेकवला.

"हातानं कसं कळते," ती सावकाश म्हणाली, "ते मले शिकवा."