बिलिंग काउंटरवरच्या ताई

वडिलांच्या ऑपरेशननंतर त्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर मी इतक्या चकरा मारल्या, की तिथल्या ताई मला लांबूनच ओळखायला लागल्या. त्यांचे हात कधी स्वस्थ नसायचे. बोलता बोलता स्टेपलर सरळ करायच्या, स्वच्छ काच पुन्हा पुसायच्या. नकार द्यायचा असला की आधी विचारायच्या, "चहा झाला का, दादा?"

क्लेम उशिरा आला म्हणून विमा कंपनीने तो नाकारला होता आणि हॉस्पिटल सगळं बिल आमच्याकडे मागत होतं. कागद आम्ही वेळेत दिले होते, असं मी दरवेळी सांगायचो. ताई खाली बघत म्हणायच्या, "वरती कळवलंय. बघू ना."

शेवटी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसलो.

"उशीर तुमच्याकडूनच झालाय," ते म्हणाले. "आमच्या मॅडमनाच विचारा."

ताईंना बोलावलं. त्या दारातच थांबल्या.

"सर, यांनी वेळेत दिले होते. आपल्याकडेच पडून राहिले. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."

मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे, बघतो."

आमचं बिल माफ झालं. आभार मानायला गेलो, तर काउंटरवर दुसरंच कोणी बसलेलं. ताईंबद्दल विचारलं, तर त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढे त्या पंचवटीच्या भाजीबाजारात भेटल्या. आधी वडिलांची चौकशी केली. मी चाचरत नोकरीचं विचारलं.

"शोधतेय," त्या म्हणाल्या. मग मेथीची जुडी निवडत, माझ्याकडे न बघता, "पण झोप लागते आता."