थालीपीठ भाणजी

आखातात, हमरियातल्या रणजितच्या कारखान्यात भाजणी, मेतकूट, चटण्या पाकीटबंद होतात. पाकिटांवरचं मराठी तपासायचं काम गिरिजाताईंचं. बावीस वर्षं पुण्याच्या शाळेत मराठी शिकवलेली बाई. वेलांटी चुकेल म्हणून नवरा, राजन, त्यांना इंग्रजीतच मेसेज करतो. इथे आल्यापासून त्यांचं स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम, आणि हल्ली रणजित म्हणू लागला होता, "ताई, हे आता कॉम्प्युटर करेल."

नवं लेबल छापायला गेलं त्या दिवशी मशीनवरचा याकूब प्रूफ घेऊन आला. पेशावरचा माणूस, उर्दू वाचणारा.

"मॅडम, पुराने में छतरी इसके ऊपर थी. नये में उसके ऊपर है."

गिरिजाताईंनी वाचलं : थालीपीठ भाजणी. पुन्हा वाचलं. "बराबर है, याकूबभाई."

त्याने जुनं पाकीट शेजारी ठेवून दीर्घ वेलांटीवर बोट टेकवलं. तेव्हा कुठे त्यांना दिसलं. भाणजी. खाली त्यांची हिरव्या शाईतली सही.

त्यांनी अकाउंट्समधल्या मुग्धाला दाखवलं. "थालीपीठ भाजणी," ती म्हणाली, "फॉन्ट छान आहे." सेल्सच्या सुजीतनेही तेच वाचलं.

याकूब हळूच म्हणाला, "मैं बोल दूँगा, सेटिंग में गड़बड़ हुआ."

"नको. सही मेरी है," म्हणत त्या रणजितच्या केबिनमध्ये गेल्या.

रणजितनेही भाजणीच वाचलं. "एकेक अक्षर वाच," त्या म्हणाल्या. वाचल्यावर तो बराच वेळ हसत राहिला. मग गंभीर झाला. "ताई, हे तुमच्या हातून गेलं?"

"गेलं. शब्द ओळखीचा असला की डोळा अक्षरांपाशी थांबतच नाही, पुढे पळतो. याकूबभाईंना मराठी येत नाही, म्हणून त्यांना दिसलं. आम्ही दोघं मिळून तपासू."

"आणि कॉम्प्युटर?"

"त्याला भाणजी चालेल. काही जण भाचीला म्हणतातच की."

रणजितने पुन्हा लेबलकडे पाहिलं. "यल्ला, चला. याकूबची खुर्ची तुमच्या टेबलाशी लावा."

आता मंगळवारी दोघं बसतात. त्या वाचतात, तो छतऱ्या आणि दांड्या जुळवतो. परवा त्याने अभिमानाने बोट ठेवलं. "मॅडम, ये 'भ' है ना?"

गिरिजाताईंनी पाकीट हाताने झाकलं. बावीस वर्षं ज्या तोंडाने मुलांना 'शिका, शिका' सांगितलं, त्याच तोंडाने म्हणाल्या, "याकूबभाई, खबरदार जो सीखा तो."