वाडीवर गिरणी नेली तेव्हा

एसटीच्या डेपोत मी तीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर पडून काढली. निवृत्त झालो, महाडातलं घर मुलीच्या हवाली केलं आणि शिवथरच्या खोऱ्यातल्या आमच्या वाडीवर राहायला आलो. येताना एक चारचाकी मोटारसायकल घेऊन आलो. सहलीवाल्यांच्या एका बंद पडलेल्या कॅम्पवर ती ताडपत्रीखाली धूळ खात होती. हॅण्डल मोटारसायकलचं, इंजिन पाचशे सीसीचं आणि चाकं फुगीर, छोट्या ट्रॅक्टरला शोभतील अशी. मी ती पूर्ण उघडली, बेल्ट बदलला, पुन्हा जोडली. तिचा एकेक बोल्ट माझ्या ओळखीचा झाला.

माझी चुलती सत्तरीची. वाडीतल्या बायकांच्या बचत गटाची ती अध्यक्ष. गटाने पिठाची गिरणी घेतली, पण ती डांबरी रस्ता संपतो तिथे, शाळेपाशी येऊन थांबली. पुढे वाडीपर्यंत बैलगाडीची चढाची वाट, तीही पावसाने खरवडलेली. जीपवाल्याने पहिलं वळण पाहिलं आणि तो मागे फिरला. तोवर बायका नाचणी डोक्यावर घेऊन खालच्या गावातल्या गिरणीत दळायला उतरत आणि पीठ घेऊन पुन्हा चढत.

मी म्हटलं, "काकी, मी नेतो गिरणी वर."

"तुझ्या त्या खेळण्यानं? नाय जमायचं रे."

"जमेल. तू फक्त बायकांना वाटेतले दगड बाजूला करायला सांग."

सकाळीच आम्ही गिरणी सुटी केली. पहिल्या फेरीत मागच्या कॅरियरवर तिचे दळायचे दगड घट्ट बांधले. वाटेतल्या ओढ्यात शिरण्याआधी बटण दाबून चारही चाकांना जोर दिला आणि गिअर 'लो'मध्ये टाकला. मध्यावर पुढचं डावं चाक चिखलात नुसतंच फिरायला लागलं. अशा वेळी इंजिनाची ताकद त्या मोकळ्या चाकातच वाया जाते. मी डिफरन्शियल लॉक केलं. आता पुढची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरू लागली, उजव्याला दगडाची पकड होतीच, आणि गाडी सावकाश बाहेर आली. काठावरच्या बायका हसायला लागल्या.

दुसऱ्या फेरीत चूक माझीच झाली. सांगाडा आणि मोटर, दोन्ही मी मागेच बांधले. शेवटच्या चढावर पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. अंगठा ॲक्सिलरेटरवरून काढला, ब्रेक दाबला आणि सगळं अंग हॅण्डलवर झोकलं. चाकं धप्पकन खाली टेकली.

"उतर रे खाली! ऱ्हाऊ दे ती गिरणी!" काकी ओरडली.

"काकी, गाडीत काय पण दोष नाय. वजन मी चुकीच्या जागी ठेवलं."

चाकांमागे दगड लावून आम्ही मोटर सोडली आणि पुढच्या कॅरियरवर बांधली. आता पुढची चाकं उचलली जात नव्हती, पण मुरुमावर घसरत होती. मग मी गाडीच्या पुढच्या विंचचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चरखीचा, दोर ओढत वर नेला. ऐनाच्या जाड खोडाला पट्टा गुंडाळला आणि त्यात हूक अडकवला.

"दोराजवळ कोण उभं राहू नका. तुटला तर चाबकासारखा येतो."

"ऐकलात ना गो? व्हा मागं!" काकीने सगळ्यांना पार बांधापर्यंत हटवलं.

विंच गुरगुरला, दोर ताठ झाला. मी इंजिनाची थोडीथोडी साथ देत राहिलो. वीतभर, हातभर करत गाडी चढली आणि काकीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी खाली उतरलो आणि मोटरचे दोर सोडायला लागलो.

वायरमन दुसऱ्या दिवशी आला. पडवीत गिरणी जोडून झाल्यावर काकीने पहिलं माप नाचणीचं ओतलं. पीठ भरड आलं. तिने ते चिमटीत चोळलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी दगडांमधलं अंतर कमी केलं, पुन्हा दळलं.

"आता बरं हाय," ती म्हणाली आणि शेजारणीला हाक मारली, "आण गो तुझा डबा."

दुपारपर्यंत पडवीत डब्यांची रांग लागली. माझ्या भुवया, मिशा पिठाने भुरकट झाल्या होत्या. त्याच पिठाची भाकरी काकीने माझ्या ताटात वाढली आणि मी न विचारता दुसरीही घेतली.