बाइंडरबाईंचं हातभर रॉकेट

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जिन्यामागच्या लांबट खोलीत बाइंडरबाई फाटकी पुस्तकं शिवत. दाबयंत्र, सरसाचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत, आणि या सगळ्यांत मिळून वर्षानुवर्षं एकही कोपरा वाकडा गेलेला नाही. बाईंचा स्वभावही तसाच, काटकोनात. वरच्या वाचनकक्षात त्यांना ‘दुसरं दाबयंत्र’ म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी.

नोकरीला पंचवीस वर्षं झाल्याबद्दल ग्रंथालयाने त्यांना भेट दिली, तेव्हा प्रत्यक्षात सत्तावीस झाली होती. नव्या तरुण ग्रंथपालाने, बाईंना हातकाम आवडतं एवढंच ऐकून, एक खोकं आणलं होतं. बाईंनी ते घरी नेऊन उघडलं. आत रॉकेट निघालं. शोभेचं नव्हे, जोडून उडवायचं.

घरात त्या आणि त्यांची थोरली नणंद, दोघीच. यजमान मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. नणंद शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. वन्संनी चष्मा कपाळावर चढवून खोक्यावरची ओळ वाचली: वय वर्षे दहा आणि पुढे.

“वहिनी, तू छप्पन्नची. बसतेस की यात,” त्या म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, हे कुणाच्या तरी पोराला देऊन टाकू. पण द्यायच्या आधी सगळे भाग आहेत ना ते बघावं म्हणून त्यांनी सूचनांचा कागद उघडला. तिथंच घोटाळा झाला. त्यातल्या चित्रात पुठ्ठ्याच्या नळीला लाकडी पंख चिकटवताना डिंक इतका थापला होता की बाईंना बघवेना. “असा लावतात का डिंक?” असं म्हणत त्या उठल्या, ब्रश आणला, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी दोघी टेबलावरून हलल्या नाहीत.

पुढच्या चार संध्याकाळी घरात दुसरा विषय नव्हता. बाईंनी तिन्ही पंख कागदासारखे गुळगुळीत घासले, काटकोन्या लावून चिकटवले, आणि वन्संना टेबलाजवळ शिंकायची बंदी केली. वन्संकडे पॅराशूटच्या दोऱ्या बांधायचं काम होतं. त्यांनी त्यात स्वतःची करंगळीही बांधून घेतली, आणि ती सोडवताना बाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. वन्संना वाटलं ठसका लागला. ते हसू होतं. शेवटी बाईंनी पुस्तकांच्या पाठीवर नाव उठवायचे सोनेरी ठसे आणून रॉकेटवर उभ्या अक्षरांत छापलं: ‘बाहेर नेण्यास मनाई’. आणि रविवारी सकाळी दोघी ते स्कूटरवरून बाहेर घेऊन गेल्या.

गावाबाहेरचं खेळाचं मैदान रिकामं होतं. बाईंनी तिवई ठेवली, रॉकेट तिच्या सळईवर ओवलं, बुडातल्या इंजिनाला वायरचे चिमटे लावले आणि बटण घेऊन वायर पुरेल तितक्या लांब जाऊन उभ्या राहिल्या. वन्संनी पाचपासून उलटे आकडे मोजले आणि शिट्टी फुंकली. बाईंनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

कागदावर लिहिलं होतं, एक मिनिट जवळ जाऊ नये. वन्संनी घड्याळ लावून मिनिट मोजलं. तेवढ्या वेळात बाईंचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी पुस्तक उलटं बांधून दिलंय. जाऊन बघतात तर एक चिमटा निसटलेला. तो नीट लावला. पुन्हा आकडे, पुन्हा शिट्टी.

सुर्रकन आवाज झाला आणि तिवई रिकामी. बाईंनी ऐनवेळी डोळे गच्च मिटले होते.

“गेलं कुठं?”

“वर! वहिनी, वर बघ!”

वर, फार वर, एक ठिपका थबकला, टप्पकन आवाज झाला आणि त्यातून नारिंगी छत्री उमलली. बाईंच्या पोटातून हसू आलं ते थांबेचना. त्या गुडघ्यांवर हात टेकून हसत होत्या, तोवर वाऱ्याने रॉकेट भिंतीपलीकडे, रस्त्याकडे नेलं.

फाटकाबाहेर गाद्यांनी लादलेला एक टेम्पो सिग्नलला थांबला होता. रॉकेट सगळ्यात वरच्या गादीवर अलगद जाऊन पहुडलं. सिग्नल सुटला. टेम्पो निघाला.

मग जे झालं ते त्या रस्त्याने कधी पाहिलं नसेल. पुढे गाद्यांचा टेम्पो, मागे स्कूटरवर वन्संची जिवाच्या आकांताने शिट्टी, आणि त्यांच्या मागे बसून बाई दोन्ही हातांनी आभाळाकडे खुणा करताहेत. टेम्पोवाल्याने घाबरून गाडी बाजूला घेतली आणि लायसन्स काढूनच खाली उतरला. भारदस्त देहाचा, गंभीर माणूस.

“माझं काय चुकलं?” त्याने विचारलं.

बाईंना हसू आवरेना, म्हणून वन्संनी सांगितलं, “तुमच्या गाद्यांवर आमचं रॉकेट आहे.”

त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग तो वर चढला, रॉकेट घेऊन उतरला. उलटंसुलटं करून पाहिलं, पंखांवरून अंगठा फिरवला. गाद्या वसतिगृहात पोचवायच्या होत्या आणि आधीच उशीर झालेला, हे त्याने सांगितलं. मग जरा घुटमळून विचारलं, “हे पुन्हा जातं का?”

खोक्यात तीन इंजिनं होती, एका उड्डाणाला एक. दोन शिल्लक होती. टेम्पो वळला.

दुसऱ्या वेळी बटण टेम्पोवाल्याने दाबलं, आणि दाबल्यावर पाच मिनिटं तो नुसता आपल्या बोटाकडे बघत होता. तिसऱ्या वेळी बाईंनी डोळे मिटले नाहीत. धुराची रेघ, तिच्या टोकाला सोनेरी अक्षरांची लकाकी, सगळं पाहिलं. छत्री उघडली तसा टेम्पोवाला दोन्ही हात पसरून तिच्याखाली धावत सुटला, वन्सं शिट्टीने त्याला डावीकडे, उजवीकडे वळवत राहिल्या, आणि त्याने ते हातभर रॉकेट हवेतल्या हवेत झेललं. झेलून तो गवतावर बसला आणि म्हणाला, लहानपणापासून आपण काही झेललं नव्हतं.

वसतिगृहात गाद्या दीड तास उशिरा पोचल्या.

दुपारी जहाजावरून फोन आला. बाईंनी सांगायला सुरुवात केली, पण गादीपर्यंत पोचल्या आणि हसू फुटलं. यजमानांना वाटलं, रडतेय. ते घाबरून विचारत राहिले, तेव्हा वन्संनी फोन घेतला आणि भावाला सांगितलं की सगळं ठीक आहे, फक्त इंजिनं संपलीत, आणि आम्हाला आता दुकानात जायचंय.

रविवारी दुकान बंद असतं, हे दोघींना दुकानासमोर स्कूटर उभी केल्यावर कळलं. मग त्यांनी काचेला नाक लावून, मोठं रॉकेट कुठलं घ्यायचं ते ठरवून टाकलं.