भूलतज्ज्ञांचा फ्रेंच हिंदुस्थान

जगातल्या कुठल्याही माणसाला कुठल्याही क्षणी झोपवू शकणारे आमचे शेजारी डॉक्टर स्वतःच्या दिवाणखान्यात मात्र कुणाला साधी डुलकीही काढू देत नसत. डब्लिनच्या एका हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते, मूळचे अकोल्याकडचे, लग्न राहून गेलेले. आणि जुन्या फ्रेंच मूकपटांचं त्यांना अक्षरशः वेड होतं. तेही प्रेमाबिमाचे नव्हेत. वाळवंट, दरोडेखोर, जंगल, महाराजे! रविवारी ब्लँचर्डस्टाउन या उपनगरातली आम्ही मराठी मंडळी त्यांच्याकडे बटाटेवडे खायला जमायचो आणि वड्यांच्या मोबदल्यात सिनेमा बघायचो. चित्रपट जेमतेम दहा मिनिटांचा, पण मध्यंतर झालंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. टीव्हीशेजारी उभे राहून ते खणखणीत मराठीत निवेदन करायचे आणि वाघ आला की डरकाळीही स्वतःच फोडायचे.

भारतात पाऊलही न टाकलेल्या फ्रेंच लोकांनी लाकूड-कापडाचा उभारलेला हिंदुस्थान त्यांचा खास लाडका. पुठ्ठ्याची देवळं, अरबी विजारीतले पुजारी, सर्कशीतला पेंगुळलेला वाघ. आम्ही हसलो की ते दुखावत, मला म्हणत, "वहिनी, हसू नका. न बघितलेल्या गावाची एवढी ओढ वाटायला मोठं मन लागतं."

ओढ त्यांनाही होती, आईची. एका उन्हाळ्यात त्यांनी तिला आणलं. "आता आई कायमची इथंच," असं ते भेटेल त्याला सांगत. तिच्यासाठी देव्हारा, पाट, तुळस, अगदी अडकित्तासुद्धा आणला. मग सकाळी हॉस्पिटलात जात ते दिवस मावळता येत, आणि आयर्लंडच्या उन्हाळ्यात दिवस मावळतो कधी! आईंना करमतं का विचारलं, तर डॉक्टरच आयरिश थाटात म्हणत, "एकदम ग्रँड!" आम्हीही रविवारपुरतेच.

अशाच एका रविवारी आईंनी तो हिंदुस्थान पाहिला. संपल्यावर म्हणाल्या, "बाबू, गाव त झकास मांडलं. पन इतके मानसं हायेत, अन कोनी कोनाच्या घरी जात नाही. तुह्या गल्लीवानीच हाये हे."

आम्ही खो खो हसलो. डॉक्टर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईंनी काही म्हणायच्या आतच डॉक्टरांनी आईंचं परतीचं तिकीट काढलं.

विमानतळावरून परतताना गाडी मी चालवत होते. "सगळं मांडलं होतं हो तिच्यासाठी," एवढंच ते बोलले. घर आलं. इतके दिवस दार आईच उघडत असत. चावी हातात असून डॉक्टरांनी बेल वाजवली आणि वाट पाहत उभे राहिले. मीही त्यांच्याशेजारी उभी राहिले.