ढोलकीमागं चढलेली गिटार

गिटारमास्तर पंखा लावू द्यायचे नाहीत. त्यांची हर्सूलची खोली, ऐन वैशाख, दार बंद, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गल्लीतल्या बायांच्या गोधड्या ठोकलेल्या. तरी म्हणायचे, "पंखा टेपात घुरघुरतो. घाम येऊ द्या, त्याला आवाज नाय." मी दुसरी शिकलेला माणूस, पण ढोलकीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून त्यांनी मला बोलावलं.

त्यांना नुसत्या गिटारीची कॅसेट काढायची होती, सोबतीला माझी ढोलकी. कॅसेटवाला हसला. "मास्तर, गाणारा नाय? मुका नवरदेव कोण पसंत करतंय?"

"आमचा नवरदेव मुका असंल, लंगडा नाय," मास्तर म्हणाले.

रस्ता रुंद होणार होता, खोलीवर पाडायची खूण पडली होती. त्याआधी कॅसेट झाली तर झाली, नाहीतर मास्तरांजवळ दुसरी जागा नव्हती.

साल दुष्काळाचं. कोरड्या हवेनं ढोलकीचं कातडं ताणायचं आणि सूर चढत जायचा. ओलं फडकं फिरवलं की उतरतो. वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळींनी, माठाच्या तळाचं पाणी पुढं केलं. टँकर आला नव्हता. मी म्हणालो, "वहिनी, ते पिण्याचं हाय. माझी ढोलकी पाणी मागत नसती."

"मग चढू द्या," मास्तर म्हणाले, आणि गिटारीच्या खुंट्या पिळून तारा माझ्या सुराला आणल्या. दर धुनेला हेच. मी उतरत नव्हतो, ते चढत होते. आम्हा दोघांत जास्त हट्टी कोण, हे वहिनींना विचारायला पाहिजे होतं.

शेवटच्या धुनेत बारीक तार ताडकन तुटली. तसली तार मुंबईहून यायची. माझा हात थांबला. मास्तर थांबले नाहीत. मान हलवून 'या' म्हणाले, उरलेल्या तारांवर वाजवत राहिले. मी धावत जाऊन गाठल्यासारखा ठेका धरला.

"मास्तर, तार मागवून पुन्हा घेऊ," मी म्हणालो.

"कशाला? दगडूभाऊ, तुम्ही आलात ना परत? मग झालं."

खोली गेली. मास्तर लेकाकडं नाशिकला गेले, तिथंच वारले. मला कळलं तेव्हा तेरावाही उरकला होता.

ती धून मी कॅसेटवर अजून ऐकतो. तार तुटते. ढोलकी बंद पडते. चार मात्रा मास्तर एकटेच पुढं चालतात, आणि मांडीवर ठेका धरायला उचललेला माझा हात तसाच राहतो.